ट्रिगरवरचं एकटं बोट

करुणा ११ जूनला माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली. वय सत्तावीस, शिरूरला पोलीस शिपाई, मूळची न्हावऱ्याची. नवव्या वर्षापासून रोज घरच्या चार गाईंची धार काढून मगच शाळेत जाणारी.

यंदा जिल्हा पोलिसांच्या नेमबाजी संघात महिलांची एकच जागा रिकामी झाली. ती मिळवायचीच, असे तिने ठरवले. दौंडला दर रविवारी सराव सुरू झाला; पण तिच्या गोळ्या हटकून खाली, डावीकडे जात. नजर तीक्ष्ण, खांदा स्थिर, तरी तेच.

तिसऱ्या रविवारी तिचे शिक्षक, उस्ताद जयसिंग, यांनी निशाणाचा कागद न पाहता तिचा हात पाहिला.

"बाई, घरी दुभतं हाय का?"

"हाय की. चार गाई."

"तरीच. पिस्तुलाची धार काढताय तुम्ही. बोटासंगं सगळी मूठ आवळती."

बाकीच्या मुली हसल्या. करुणा संध्याकाळी एसटीतून उतरली ती धावतच माझ्या स्वयंपाकघरात आली.

"काकू, ट्रिगर आधी सैल येतो, मग अडतो. तिथून एकट्या बोटानं हळू दाबत न्यायचं, गोळी सुटती. पिस्तूल आपलं आपण दुसरी गोळी भरून घेतं. तवा बोट पुरतं सोडायचं न्हाई. बोटाला 'टक्' असं लागंपर्यंत पुढं येऊ द्यायचं, आन् पुन्हा दाबायचं."

"आणि मूठ?"

"धरली तशीच. बोट काय करतंय, ते तिला कळायलाच नको."

पिस्तूल घरी आणता येत नाही. मी काठोकाठ भरलेले फुलपात्र तिच्या हाती दिले. बाकीच्या बोटांनी ते धरायचे आणि तर्जनी वाकवायची. पहिल्या दिवशी माझी सगळी फरशी ओली झाली. एकविसाव्या दिवशी पाणी हललेसुद्धा नाही!

१४ सप्टेंबरला निवड. मीही दौंडला गेले. मला फाटकाशीच बसवले; दिसत काही नव्हते, ऐकू मात्र सगळे येत होते. तोवर सर्वांत पुढे असलेल्या निमोण्याच्या शीतलला शंभरात एक्याऐंशी मिळाले होते. शेवटी करुणाच्या दहा गोळ्या. मी मोजू लागले. सातवीनंतर एकदम शांतता. मूठ आवळतेय हे जाणवून तिने बोट काढून घेतले होते, हे मला नंतर कळले. मग आठ. नऊ. दहा.

ती कागद फडकवत आली. त्र्याऐंशी!

मागून उस्ताद आले. "सोमवारी सकाळी सहाला संघाच्या सरावाला हजर व्हायचं. आन् नखं कापून या."