दोन दारांची गाडी आणि सुनंदावहिनींचं नाक

गॅरेजवाल्याकडे दोन गोष्टी साठत जातात, जुने सायलेन्सर आणि किस्से. सायलेन्सर निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्सा ज्याला सांगावा, तो आपलेच दोन ऐकवून जातो. पावर हाउस नावाच्या वस्तीत माझं गॅरेज आहे. गिऱ्हाइकं बहुतेक पोलादाच्या प्लांटमधली, त्यातली निम्मी रिटायर. रिटायर माणसाला गाडी दुरुस्त करून नको असते, ती दुरुस्त होताना स्टुलावर बसून बघायची असते. मी आता थकलोय हो. तरी बोकडेंच्या गाडीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

*

बोकडे रिसालीचे. सगळी नोकरी कोक ओव्हनला, म्हणजे जिथे भट्टीसाठी कोळसा भाजतात तिथे. रिटायर झाल्यावर त्यांनी गाव सोडून चाललेल्या एका साहेबाची जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेतली. रंग लाल, दारं दोन, सीटही दोनच, आणि बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर. इच्छा एकच होती. ज्या बायकोला जन्मभर स्कूटरवर मागे बसवलं, तिला एकदा शेजारी बसवून तिच्या माहेरी राजनांदगावला न्यायचं.

गाडी पिकअप घेत नव्हती. बोकडेंनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि माझ्याकडे येऊन बॉनेट उघडलं. आत नळ्यांचं जंजाळ.

"एवढ्या नळ्या कावून लावल्या जी?"

"धूर साफ करायला."

"मंग गाडी कोन चालवते?"

मी समजावलं. हे सामान काढलं तर गाडी वास मारेल, पोल्यूशनच्या तपासणीत नापास होईल. बहुतेक एखादी नळी फाटली असेल, तेवढी बदलू. बोकडे शांतपणे म्हणाले, "एक फाटली तं बाकीच्याही फाटतीनच. काढूनच टाकू." व्हिडिओ पाहून आलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही. नाही म्हटलं असतं तर ते घराच्या अंगणात काढत बसले असते.

*

मदतीला त्यांनी ताजणेंना आणलं. ताजणे प्लांटच्या गॅस लाइनवरचे जुने फिटर. तिथला नियम असा की, पाइप उघडण्याआधी दोन्ही बाजूंनी लोखंडी प्लेट टाकून तो बंद करायचा आणि वर आपल्या नावाचा लाल टॅग लटकवायचा. ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. ही सवय ताजणेंच्या हाडात गेलेली.

त्यांनी धूर साफ करणारा डबा काढला, हवेचा पंप काढला, पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा काढला. प्रत्येक भोकावर प्लेट. प्लेटही अशी जाड की गॅस लाइन पेलेल. काढलेलं सामान मी एका हाताने उचललं, प्लेटांसाठी बोकडेंना बोलवावं लागलं.

"गाडी हलकी करून राहिलो न आपण?" मी विचारलं.

"हलकी नाई, सेफ," ताजणे म्हणाले आणि नागपूरला भाचीच्या लग्नाला गेले.

*

दुसऱ्या दिवशी गाडी चालू होईना. इंजिन एकदा खोकायचं आणि गप्प. मी प्लग पाहिले, पेट्रोल पाहिलं, करंट पाहिला. शेवटी खड्ड्यात उतरून गाडीखाली शिरलो. सायलेन्सरच्या जोडात प्लेट, आणि प्लेटवर लाल टॅग. सवयीने ताजणेंनी धुराची वाटच बंद करून टाकली होती.

मी पाना घेतला तर बोकडेंनी माझा हात धरला.

"ताजण्याचा टॅग हाये."

"अहो, हे गॅरेज आहे, प्लांट नाही."

"टॅग तं टॅगच असते न जी."

ताजणेंना फोन लावला. मागे बँड वाजत होता. "हात नोका लावू, मी आल्यावर काढतो," ते ओरडले. सुटायला चार मिनिटं लागली असती ती प्लेट. भाचीची पाठवणी होऊन ताजणे परत येईपर्यंत माझा खड्डा अडून राहिला आणि मी बाकीच्या गाड्या रस्त्यावर उकिडवा बसून दुरुस्त केल्या.

*

प्लेट निघाली, गाडी चालू झाली. बोकडे खुशीत नेहरू नगरला पोल्यूशन तपासायला गेले, मला ओढून घेऊन. तिथल्या पोराने सायलेन्सरमध्ये नळी घातली, मशीनकडे पाहिलं, नळी काढली आणि स्वतःच्या स्कूटरला लावून पाहिली. मशीन ठीक होतं. तो बोकडेंकडे वळला.

"अंकल, ये कार है कि कोक ओव्हन?"

बोकडेंना क्षणभर अभिमान वाटला, मी पाहिलं.

*

पण घरी गेल्यावर सुनंदावहिनी गाडीत बसल्या नाहीत. पदर नाकाला लावून फाटकातच उभ्या राहिल्या. "जलमभर तुमचे कपडे धुतले. गॅसचा वास साबनानं जात नव्हता. ड्यूटी सुटली तवा मले वाटलं, वास सुटला घरातून. तुमी तं इकत आनला."

हे बोकडेंनीच मला सांगितलं, स्टुलावर बसून, खाली बघत. मला त्यांची दया आली आणि वैतागही आला. सामान मी भंगारात दिलं नव्हतं, ही वेळ येणार हे मला माहीत होतं. सगळं परत बसवलं. फाटलेली नळी एकच निघाली, ती बदलली. पिकअप आला.

*

त्याच पावली बोकडे वहिनींना घ्यायला निघाले. मी मागून स्कूटरवर, गाडी बंद पडली तर असावं म्हणून.

वहिनी बाहेर आल्या. गाडीच्या मागे गेल्या, गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि चालू इंजिनच्या सायलेन्सरशी नाक नेलं. गल्ली बघत होती. बोकडे दार उघडून उभे होते. वहिनी सरळ झाल्या, येऊन सीटवर बसल्या आणि दार लावून घेतलं. बोकडे पलीकडून आत शिरले.

थोड्या वेळाने वहिनींनी काच खाली केली.

"वास हाये अजून."

मी स्कूटर स्टँडला लावली. मला आता रडू येणार होतं.

"गाडीचा नाई," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "तुमचाच हाये. जा, आंघोळ करून या."

बोकडेंनी गाडी बंद करायला किल्लीला हात घातला.

"राहू द्या चालू," वहिनी म्हणाल्या, "मी बसली हावो."