अक्का धुळ्याला आली ती दोन वर्षं

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, मग माहेरी आई-वडीलही गेले, आणि पोरकं झालेलं धाकटं भावंड अक्कानं यावलच्या केळीच्या बागांत मजुरी करून वाढवलं. ते भावंड म्हणजे माझे वडील. पुढे त्यांना वरणगावच्या कारखान्यात नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. अक्का यावलमध्येच राहिली, पण आमच्या घरातला कुठलाही निर्णय ती वरणगावला येऊन गेल्याशिवाय होत नसे.

नव्वदच्या आसपास मी बारावी झाले आणि डी.एड.ला माझा नंबर धुळ्यात लागला. कॉलेजला वसतिगृह नव्हतं. दोन दिवसांनी अक्का यावलहून आली. वडील तिला म्हणाले, "धुळं लांब आहे. एकटी पोरगी कुठं ठेवायची? पुढच्या वर्षी जळगावला बघू."

अक्का पोह्याची बशी खाली ठेवत म्हणाली, "एकटी कोन म्हनलं? मी जाते तिच्यासंगं."

"अक्का, तू? धुळ्याला?"

"काहून? तिथं मानसं राह्यत नाही का?"

तेव्हा तिनं पंचावन्नी ओलांडली असेल. यावल, वरणगाव आणि कधीमधी जळगाव एवढंच तिचं जग. एक पत्र्याची पेटी, एक स्टो आणि दोन गोधड्या घेऊन आम्ही एसटीत बसलो. पारोळा मागे पडेपर्यंत ती खिडकीचा गज धरून होती.

खोली शोधताना पहिला प्रश्न आडनावाचा असायचा. अक्का आडनाव सांगायची आणि लगेच पुढे म्हणायची, "आम्ही बौद्ध आहो." माझी मान खाली जायची. दोन ठिकाणी खोली अचानक "कालच दिली" निघाली. मी चिडून म्हटलं, "तू आधीच कशाला सांगतेस?" ती म्हणाली, "मागून कळून सामान बाहेर काढतील, त्यापरीस आताच कळू दे. आन मान कशाले खाली घालते? चोरी केली का आपन?"

तिसऱ्या घरी एक म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खोली चांगली शे. पन नळले पानी एकच टाइम येस. चालस का?"

चाललं. दोघींची बोली वेगळी. एकीचं "शे", दुसरीचं "आहे". पण आठवडाभरात त्या एकमेकींच्या चुलीवरची भाजी चाखायला लागल्या. पंधरवड्यात अक्कानं मिरचीच्या गोदामात देठं तोडायचं काम धरलं. संध्याकाळी हातांची आग आग व्हायची, त्यांना खोबरेल लावून बसायची. "तुझा भाऊ पैसे पाठवतो ना?" मी म्हणायची. "बसून राह्यलं की हाडं गंजतात," एवढंच तिचं उत्तर.

पहिल्या सहामाहीत मला एका शाळेत चौथीच्या वर्गावर सरावाचा पाठ घ्यायचा होता. फळ्याकडे वळले आणि तोंडातून शब्द फुटेना. मागच्या बाकावर बसलेल्या कॉलेजच्या मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. पोरं हसली. घरी येऊन मी पेटी भरायला काढली.

अक्कानं पेटीवरच बैठक मारली. "काय शिकवनार होती? मले शिकव."

"तुला काय कळणार?"

"न कळनाऱ्यालेच तर शिकवतात ना?"

त्या संध्याकाळी ओट्यावर माझा वर्ग भरला. अक्का, घरमालकीण आणि गोदामातल्या दोघीजणी. विषय नद्यांचा. मी तापीचा उगम सांगत होते, तेवढ्यात अक्कानं करंगळी वर केली. "बाई, मी बाहेर जाऊ?" सगळ्या खो खो हसल्या, मीही हसले आणि तापीचं पुढचं सांगत गेले. मग त्यांनी प्रश्नांनी मला भंडावून सोडलं. तापी पश्चिमेलाच का जाते, समुद्र भरून वाहत का नाही. उत्तर येत नसलं की मी पुस्तक बघून दुसऱ्या दिवशी सांगायची. दुसरा पाठ ठीक झाला, तिसरा चांगला. दोन वर्षं प्रत्येक पाठ आधी त्या ओट्यावर झाला.

डी.एड. झालं, यावल तालुक्यातल्याच शाळेत मी लागले. अक्का तिच्या घरी परतली आणि धुळ्याच्या गोष्टी बागेतल्या बायकांना तिखटमीठ लावून सांगत राहिली. चार-पाच वर्षांनी, उन्हाळ्यात, तीन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, तेव्हा वडील म्हणाले, "धुळ्याला जायच्या आदल्या दिवशी अक्का माझ्याजवळ आली होती. म्हणे, मले भेव वाटते रे भाऊ, तिथं हरवले तर? माझ्याकडून कागदावर यावलचा पत्ता लिहून घेतला आणि चोळीच्या आतून शिवून टाकला. तुला सांगू नको म्हणाली."

 मला आधी तिच्या त्या भीतीचं वाईट वाटलं. मग दुसरंच मनात आलं. दोन वर्षं मी तिच्यासमोर नद्या शिकवल्या, अपूर्णांक शिकवले, कविता म्हटल्या. पण तिला स्वतःचं नाव आणि गाव वाचता यावं, एवढं शिकवायचं मला एकदाही सुचलं नाही. तिनंही कधी मागितलं नाही.