अण्णांनी जीप धुतली

लग्न होऊन बेंगळुरूला आले तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा होत्या आणि एक हट्ट होता. हट्ट जीपचा. डोंगरात, चिखलात, ओढ्यात घालता येईल अशी जीप. काही वर्षं नोकरी केल्यावर मी ती घेतली, सेकंडहँड, हिरव्या रंगाची. नवऱ्याला वळणाच्या रस्त्यावर मळमळतं. तो जीपच्या बाबतीत एकच काम करतो, गेटपाशी उभं राहून मला रिव्हर्स घ्यायला मदत. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं आणि विषय संपवला. राहिले सासरे. त्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, म्हणून मीही अण्णाच म्हणते.

आमचं सासरचं घराणं शिवकाळात इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठीच बोलतात, पण ती माझ्या मराठीसारखी नाही. तिच्यात 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आहे, 'बरं'च्या जागी 'सरी' आहे, आणि एक वेगळाच हेल आहे. माझी पुणेरी भाषा ऐकून अण्णा सुरुवातीला म्हणायचे, "तू बोलायला लागलीस की बातम्या लागल्यासारखं वाटतं गं."

जीप घेतल्यावर जीपवाल्यांच्या एका ग्रुपबरोबर पहिल्याच मोठ्या सहलीत मी ती बुडवली. बुडवली म्हणजे काय, कनकपुऱ्याकडच्या एका ओढ्यात गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं. पुढच्या दोन गाड्या आरामात गेल्या. मी जोरात घातली, दोन्ही बाजूंनी पाण्याचे पंखे उडाले, मागच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बरोबर मध्यावर जीप उभी राहिली. इंजीन बंद. सगळे काटे शून्यावर. शेवटी एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरने आम्हाला ओढून काढलं. तो वाटभर मागे वळून बघत होता, मी आहे का उतरून गेले म्हणून.

बेंगळुरूतल्या शिवाजीनगरला गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक जण आहे. त्याने डॅशबोर्डखालून एक चपटी डबी काढली, उघडली आणि माझ्यापुढे धरली. आतल्या पट्टीवर हिरवट गंज चढला होता.

"इंजन को कुछ नहीं हुआ मॅडम," तो म्हणाला, "दिमाग में पानी गया."

मग त्याने मला समजावलं. आजकालच्या गाड्यांचं सगळं काम या कॉम्प्युटरवर आणि वायरींच्या जोडांवर चालतं. गरम झालेली डबी एकदम गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढून घेते. म्हणून पाण्यात जायचं तर आधी तयारी करायची, आणि गेल्यावर हळू जायचं. टाळ्यांसाठी नाही.

ते मी मनावर घेतलं. पुढचे कित्येक शनिवार मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभी होते. वायरींचा एकेक जोड सोडवायचा, पुसून कोरडा करायचा, त्यात पाणी धरू न देणारं दाट, पांढुरकं ग्रीस भरायचं आणि 'टक्' आवाज येईपर्यंत पुन्हा बसवायचा. इंजिनाचा कॉम्प्युटर पायापाशी होता, तो उचलून डॅशबोर्डच्या मागे, उंचावर नेला. फ्यूजच्या पेटीच्या झाकणाला रबराची पट्टी हवी होती. ती पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मापाने कापून घेतली. पेटीला जिथे जिथे फट दिसली तिथे तिथे सिलिकॉन भरलं. मुंगीसुद्धा शिरली नसती.

अण्णा कट्ट्यावर पेपर घेऊन बसलेले असायचे.

"लोक पाणी चुकवून गाडी चालवतात," ते एकदा म्हणाले. "तू पाण्यात घालायला एवढं सगळं करायलीस?"

"हो अण्णा."

"सरी," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

सगळं झालं. ग्रुपची पुढची सहल शनिवारी ठरली. आदल्या दिवशी मी ऑफिसात असताना दुपारी नवऱ्याचा फोन आला. तो घरूनच काम करत होता. त्याच्या आवाजामागे भोंगा वाजल्यासारखा आवाज येत होता.

"तू लवकर येशील का?" तो ओरडून म्हणाला. "जीप वाजतेय."

"मग बंद कर ना!"

"बंदच आहे! चावी तुझ्याकडे आहे!"

"मग वाजवतंय कोण?"

"कोणी नाही. अण्णा म्हणतात, त्यांनी हॉर्नला हातसुद्धा लावलेला नाही."

"बरं, ऐक. आधी बॉनेट उघड."

"उघडंच आहे."

"उघडं का आहे?"

नुसता हॉर्न ऐकू येत राहिला. मी त्याला बॅटरीची काळी वायर काढायला सांगितली. थोडी खटपट झाली, एक शिवी ऐकू आली आणि एकदम शांत झालं. मागून सासूबाईंचा आवाज आला, "थांबलं बाई एकदाचं!"

मी घरी पोचले तेव्हा जीप अशी चमकत होती की क्षणभर मला ती ओळखू आली नाही. शेजाऱ्यांकडचं जोरात पाणी मारायचं यंत्र बाजूला पडलं होतं. अण्णा पंचा खोचून, नखशिखांत भिजून उभे होते. हॉर्नचं प्रकरण सोडलं तर त्यांचा चेहरा अगदी समाधानी होता.

"सून उद्या चारचौघांत जाणार आणि गाडी अशी मळकी," ते म्हणाले. "म्हणून स्वल्प पाणी मारलं. आतूनही केलं हं. वायरींच्या जोडांना केवढा चिकट मळ बसला होता गं! भांड्यांचा साबण लावून एकेक काढला. एक सोडला नाही."

पुण्यात बाबांनी असं केलं असतं तर मी गल्लीला ऐकू जाईल असं बोलले असते. पण सासऱ्यांना काय बोलणार? आणि तेही माझ्यासाठी ओलेचिंब झालेल्या?

मी फ्यूजची पेटी उघडली. आत वाटीभर साबणाचं पाणी होतं. यंत्राच्या धारेने ते कुठून तरी वायरींच्या कडेने आत घुसलं होतं, आणि मग त्याला बाहेर पडायला जागाच नव्हती. पाणी आत जाऊ नये म्हणून मी केलेला बंदोबस्त, आत गेलेलं पाणी बाहेर जाऊ नये यासाठी अगदी उत्तम होता.

सासूबाईंनी माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "कुंडीला ठेवतेस तसं खाली भोक नाही ठेवलंस?"

"नाही ठेवलं," मी म्हणाले. आणि मग मला सांगावंच लागलं. "अण्णा, तो मळ नव्हता. ते मीच लावलं होतं."

"का?"

"पाणी जाऊ नये म्हणून."

अण्णा जीपकडे बघत राहिले. मग कट्ट्यावर बसले. "म्हणजे मी पाण्याचं औषध पाण्याने धुतलं म्हण," ते हळूच म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी कॉफी घेतली नाही. आमच्या घरात याचा अर्थ उपासाहून मोठा होतो. माझा राग तिथेच उतरायला लागला, पण कबूल करायला मी रात्रीच्या जेवणापर्यंत वेळ घेतला.

शनिवारी ग्रुप आमच्याविना गेला. आम्ही गच्चीवर होतो. सासूबाईंनी जुन्या साडीवर सांडगे घातले होते. त्यांनी ते थोडे सरकवले आणि उरलेल्या पदराच्या बाजूला मी इंजिनाचा कॉम्प्युटर, रिले आणि रंगीबेरंगी फ्यूज मांडले. राखणीला अण्णा. डोक्यावर ओला टॉवेल, हातात काठी. त्यांनी ही जबाबदारी मागून घेतली होती.

मी खाली आले आणि थोड्या वेळाने वरून आरडाओरडा ऐकू आला. मी धावत गेले तर अण्णा काठी उगारून कठड्याशी उभे आणि कावळा समोरच्या पाण्याच्या टाकीवर. त्याच्या चोचीत लाल फ्यूज.

"सांडग्यांकडे ढुंकून बघितलं नाही गं त्याने!" अण्णा म्हणाले. हे सासूबाईंना कळू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. फ्यूज काही परत मिळाला नाही. मी नवा आणला.

रविवारी ग्रीस पुन्हा लावायला बसलो. अण्णांनी ते मला करूच दिलं नाही. काडीला कापूस गुंडाळून ते एकेक जोड भरत होते आणि प्रत्येक वायरीची चौकशी करत होते.

"ही कशाची?"

"दिव्याची."

"ही?"

"हॉर्नची."

"हिला जास्त लावतो," अण्णा म्हणाले.

मी फ्यूजच्या पेटीला खाली बारीक भोक पाडलं. बॅटरी जोडली. चावी फिरवताना नवरा दारात कानांवर हात ठेवून उभा होता. जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि गप्प राहिली.

पुढच्या रविवारी मी एकटीच त्या ओढ्याकडे जाऊन बघणार होते. बाहेर आले तर अण्णा बूट घालून पुढच्या सीटवर बसलेले.

"अण्णा, तुम्ही?" नवऱ्याने विचारलं.

"मी लावलंय. मीच बघणार."

ओढ्याला पहिल्यापेक्षा जास्त पाणी होतं. या वेळी मी खालचा गिअर टाकला आणि माणूस चालेल इतक्या वेगाने उतरले. अण्णांनी दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली, वरची कडी घट्ट धरली आणि डोळे मिटले. पाणी बंपरच्या वर आलं. मध्यावर पोचल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"थांबव."

"काय?"

"इथेच थांबव गं. लगेच बाहेर काढलीस तर कसं कळणार, पाणी आत गेलं की नाही गेलं ते?"

त्यांचं म्हणणं बिनचूक होतं, पण भर ओढ्यात गाडी उभी करायला माझा पाय तयार नव्हता. तरी थांबवली. इंजीन चालू. भोवती पाणी खळखळत होतं. अण्णा मान तिरकी करून ऐकत होते. मग त्यांनी हात लांब करून स्वतः हॉर्न वाजवला. वाजला. हात काढला. थांबला. त्यांनी पुन्हा एकदा करून बघितलं.

तेवढ्यात काठावरून हाक आली. दोन गाई घेऊन एक बाई उभी होती. तिने कन्नडमध्ये विचारलं, "अहो, अडकलात काय? तिकडे पूल आहे की!"

आम्ही दोघांनी वळून बघितलं. झाडांच्या पलीकडे खरंच एक छोटासा पूल होता. अगदी नवा, कठडे रंगवलेला.

"माहीत आहे, अम्मा," अण्णांनी कन्नडमध्येच उत्तर दिलं. पूल त्यांना माहीत नव्हता. "गाडीला मलम लावलंय, ते धरतंय का बघायला आलोय."

बाईने हे समजून घ्यायचा प्रयत्न केला. मग "सरी" म्हणाली आणि काठावर उकिडवी बसली.

पलीकडे गेल्यावर मी बॉनेट उघडलं. अण्णांनी फ्यूजच्या पेटीत बोट घालून कोपरान्‌कोपरा तपासला, बोट माझ्यापुढे धरलं आणि मग त्या बाईलाही लांबून दाखवलं. कोरडं. बाईने मान डोलावली.

"आता परत एकदा," अण्णा सीटवर मांडी घालत म्हणाले. "त्या बाई उठायच्या आत."

आम्ही पुन्हा पाण्यात उतरलो. बाई शेवटपर्यंत बघत बसली. तिच्या गाई तोवर पुलावरून निघून गेल्या होत्या.