कोरा रुमाल

कापसाच्या गाडीत हात घालण्याआधी ते डाव्या तळहातावर पांढरा रुमाल पसरायचे आणि त्याकडे एकटक पाहत राहायचे. शेतकऱ्यानं चुळबुळ केली की म्हणायचे, "थांबा जरासे. पयले माहे जाऊ द्या."

संग्रामपूरकडच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेब पाहतो. ते तिथे ग्रेडर होते. कापसात पानाचा चुरा किती, किडीनं पिवळी पडलेली कवडी किती, हे नजरेनं पाहून प्रत सांगायची, एवढंच काम. पण मनावर ताण आला की त्यांच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायचे. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत, हे काळजीनं होतं. काळजी कशाची, तर ठिपके दिसतील याची.

तोड त्यांनीच काढली. कोऱ्या रुमालावर ठिपके दिसले तर ते आपले. सावकाश श्वास सोडत उभं राहायचं. रुमाल स्वच्छ झाला की कापूस पाहायचा. मग दिसेल तो कचरा खरा. तुम्हीही काटा शून्यावर आल्याशिवाय माल चढवत नसाल, तर ही रीत तुम्हाला पटेल.

गाठी बांधायच्या प्रेसवरच्या फिटरला यात करमणूक सापडली. "काऊन सायेब, आज किती मच्छर हायेत रुमालात?"

"तुह्या तोंडावर हायेत त्याहून कमी."

फिटरचा चेहरा तिळांनी भरलेला. हमाल हसले. तो हसला नाही.

ऐन हंगामात, एका सकाळी गाड्या फाटकाबाहेर लागलेल्या असताना, ते खुर्चीवर रुमाल ठेवून हात धुवायला गेले. फिटरनं मधल्या घडीत पेनानं बारीक ठिपके काढून ठेवले. आम्हाला हे संध्याकाळी कळलं.

त्यांनी रुमाल पसरला. "पयले माहे जाऊ द्या."

ठिपके जाईनात. मागे हॉर्न वाजू लागले. "झोपले का बे हे?" रांगेतून कोणी विचारलं. त्यांच्या मानेवरून घाम उतरत होता. शेवटी त्यांनी मूठभर कापूस उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि तसाच परत ठेवला. मॅनेजरला म्हणाले, "मले नाही जमत सायेब. कोणाचं तरी नुकसान होईल."

संध्याकाळी फिटरनंच हसत सांगून टाकलं. "शाई होती सायेब. मजाक केला."

मी म्हणालो, "मग झालं तर. उद्या या."

"शाई हालत नाही, हे मले समजते," ते म्हणाले. "पण ते ठिपके हालून राह्यले होते."

ते परत आले नाहीत. फिटर अजून आमच्याकडेच आहे. नव्या ग्रेडरशी त्याचं चांगलं जमतं.

पुढे एकदा मी सोनाळ्याला त्यांच्या घरी गेलो. जेवायची वेळ होती. बायकोनं भात वाढला. त्यांनी ताट तिच्यापुढेच धरलं.

"पाह्य बरं, काही हाय का यात?"

"काही नाही. खा," ती म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले आणि घास घेतला.