खरवतीची पानं

माझ्या माहेरी ठाण्याला दारांना कुणी रंग देत नसे. दिवाळीच्या तोंडावर फडक्यानं तेल पुसायचं, की वर्षभर बघायला नको. त्यामुळे लग्न होऊन कल्याणला आल्यावर एके दिवशी हे सफेद्याचा डबा, हिरव्या रंगाची पुडी आणि जवसाच्या तेलाची बाटली घेऊन घरी आले, तेव्हा मी नुसती बघतच राहिले. सासूबाईंनी मात्र तोंड उघडलं. "दाराला रंग? का रे, दार काय बोहल्यावर उभं करायचंय?"

हे म्हणजे कोण ते सांगायला नको. उखाण्याशिवाय यांचं नाव मी जन्मात घेतलं नाही, आता म्हातारपणी कुठं ती थेरं करू! तेव्हा हे कल्याण स्टेशनात तारबाबू होते. स्टेशनाजवळ साहेबाच्या बंगल्याची दारं रंगवताना यांनी पाहिली होती आणि तेच वेड डोक्यात घेतलं होतं. आमचं घर शेणाळे तळ्याच्या अंगाला. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, तेव्हा घरात आम्ही तिघंच. ओटी आणि माजघर यांच्यामध्ये सागाचं दोन झडपांचं दार होतं. रंगवायचं ठरलं ते तेच.

आताच्या पोरींना खरं वाटणार नाही, पण आमच्या वेळी वडीलधाऱ्यांसमोर दिवसाउजेडी नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नसे. यांना तहान लागली तर हे भिंतीकडे बघून म्हणायचे, "पाणी मिळेल का?" आणि मी खाली बघून तांब्या ठेवायची. रात्री म्हणाल, तर सासूबाई माजघरातच निजायच्या आणि त्यांची झोप मांजराची. लग्न होऊन कितीतरी दिवस झाले तरी या माणसाचा आवाज मला नीटसा ओळखीचा नव्हता. मी माहेरी बडबडी म्हणून प्रसिद्ध. इथं माझ्या पोटात बोलणं नुसतं साचून राहिलं होतं.

दार रंगवायचं म्हणजे आधी भेगांमध्ये लांबी भरायची, म्हणजे खडूची पूड जवसाच्या तेलात मळून केलेला लगदा. मग सफेद्याचं अस्तर द्यायचं. ते वाळलं की घासायचं, हाताला गुळगुळीत लागेपर्यंत. मग रंगाचा एक हात. तो वाळला की पुन्हा घासायचं, मग दुसरा. हे म्हणायचे, रंग काय कुणीही फासेल, दोन हातांच्या मधलं घासणं हेच खरं काम. बंगल्यावर काचकागदानं घासत. आमच्याकडे खरवतीची पानं होती. पान कसलं, मांजराची जीभच ती, वाळवून लाकडावर फिरवलं की लाकूड कसं गुळगुळीत होतं. मलंगगडाकडून लाकडाची मोळी घेऊन एक कातकरीण यायची, तिला मी पाला आणायला सांगितला, तर ती हसत सुटली. "बाय, ह्यो पाला गुरां बी नाय खात, तुमी काय करता?"

तर घासायची वेळ आली आणि यांनी सासूबाईंना सांगितलं, "बाहेरून मी घासतो, पण आतल्या बाजूनंही कुणीतरी एकदमच घासायला हवं. नाहीतर फळी हलते."

फळी हलते! चांगली बोटभर जाडीची सागाची फळी, ती काय हलतेय! सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हलत असेल बाई. मला काय त्यातलं कळतंय?" आणि कोपऱ्यात तांदूळ निवडायला बसल्या.

दार लावलं. हे ओटीवर, मी माजघरात. दोघांनी पानं घेतली आणि खरखर सुरू झाली. थोड्या वेळानं दोन झडपांच्या फटीतून आवाज आला, "हात दुखला का?"

मी इतकी दचकले की हात थांबला. लगेच कोपऱ्यातून, "थांबलीस का गं?" मी पुन्हा घासायला लागले. आणि त्या खरखरीच्या आडून मी म्हटलं, "नाही." माझ्या नवऱ्याशी दिवसाउजेडी बोललेला माझा तो पहिला शब्द.

मग आम्हाला युक्तीच सापडली. हात चालू असला की बोलायचं, हात थांबला की गप्प. सासूबाईंना ऐकायला जरा कमी येतं अशी आमची ठाम समजूत होती, वर खरखरीचा आवाज. मग काय, बांधच फुटला. यांनी मला तारेचं कडकट्ट सांगितलं, साहेब ओरडला की आपली कशी बोबडी वळते ते सांगितलं. मी ठाण्याच्या मासुंदा तलावाचं सांगितलं, माझ्या मैत्रिणींच्या नकला केल्या. पलीकडे हे हसू दाबत आणि जोरजोरात घासत. एकदा म्हणाले, "तुझ्या आमटीत मीठ कमी असतं. आईसमोर बोलत नाही इतकंच." मी म्हटलं, "मग गिळता कशाला वाटीवाटीनं?" असं बोलायला मी कुठं शिकले कोण जाणे, पण त्या दाराआड माझ्या जिभेला हाड उरलं नव्हतं.

संध्याकाळी सासूबाई उठून दाराशी यायच्या. उपडा हात फळीवरून फिरवायच्या आणि म्हणायच्या, "इथं अजून खरखरीत लागतंय. उद्या परत घासा." मला अस्सा राग यायचा! दिवसभर राबायचं आणि वर सासूबाईंचं नाक मुरडणं. खाष्ट ती खाष्टच, असं मी मनात म्हणायची. दुसऱ्या दिवशी परत पानं घेऊन बसायची, आणि राग कुठल्या कुठं पळायचा.

इतकं घासलं, इतकं घासलं की जागोजागी रंग उडून खालचं पांढरं अस्तर दिसायला लागलं. मग पुन्हा एक हात. रंग वाळायला ठेवला की मात्र हाल. दार उघडं, आम्ही दोघं मुके. हे कामावरून यायचे, भिंतीकडे बघून पाणी मागायचे. मी पदरानं हात पुसायच्या निमित्तानं दारावर बोट टेकवून बघायची, वाळलं का. अशानं रंगावर माझ्या बोटांचे ठसे उठले, आणि ते घालवायला पुन्हा घासणं आलं. शेजारणी विचारायच्या, तुमचं दार व्हायचंय तरी कधी? एवढ्यात तर देवळाचा कळस चढला असता!

आणि मग यांची बदली आली. घाटापलीकडच्या कुठल्याशा स्टेशनावर, जिथं रुळांशिवाय काही नाही म्हणे. दाराला शेवटचा हात तेवढा राहिला होता. घासून तयार होतं. जायच्या आदल्या दिवशी हे बाहेरून म्हणाले, "शेवटचा हात देऊन टाकतो."

"नको," मी म्हटलं.

"अगं, अर्धवट दिसेल."

"दिसू दे. तुम्ही परत आलात की द्या." बोलताना हात मात्र चालूच ठेवला, नाहीतर कोपऱ्यातून विचारणा झाली असती.

हे गेले. सुनेनं नोकरीच्या गावी जायचं नाही, सासूजवळ राहायचं, हा रिवाज. सासूबाई सासऱ्यांची जागा सोडून हलायच्या नाहीत. हे कधी रजेवर आले तर ओटीवर पाहुण्यांची ही गर्दी, दार लावायची सोय नाही. भिंतीकडे बघून पाणी मागायचे आणि परत जायचे. माझा जीव त्या दारात अडकला होता. केर काढताना, दिवा लावताना, जाता येता मी त्याच्यावर हात फिरवायची. मला यांच्याकडे जायचं होतं, एवढंच हवं होतं मला, आणि तेवढंच कुणापाशी बोलता येत नव्हतं. खंगत चालले होते मी. भाकरी थापता थापता डोळे वाहायचे आणि वर म्हणायचं, धूर झालाय.

एका दुपारी मी माजघरात भात पाखडत होते. दार लोटलेलं होतं. आणि पलीकडून आवाज आला, खर्र, खर्र.

हातातलं सूप खाली पडलं. धावत दाराशी गेले, फटीला तोंड लावलं. "आलात? अहो, कधी आलात?"

खरखर चालूच. मग आवाज आला, "तो नाही आला. मी आहे. पाला घे आणि बस."

सासूबाई! लाजेनं माझं काय झालं ते देवाला ठाऊक. मुकाट्यानं पानं घेतली आणि बसले. घासायला लागले.

"बोल," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"त्याच्याशी बोलायचीस ते. आमटीत मीठ कमी ते ऐकलंय, आणि तो वाटीवाटीनं गिळतो तेही ऐकलंय. आता दुसरं काहीतरी सांग."

"तुम्हाला ऐकू यायचं?"

"मग, मी काय बहिरी आहे?"

मी विचारलं, "आणि ते रोज खरखरीत लागायचं ते?"

"पहिल्या दिवशीच गुळगुळीत झालं होतं गं," त्या म्हणाल्या.

माझ्या हाताखाली दार होतं, डोळ्यांपुढचं काही दिसत नव्हतं. त्या बाईला मी खाष्ट म्हटलं होतं, आणि तिनं आम्हाला एकेक दिवस वाढवून दिला होता. म्हणून त्या दिवशी मी बोलले. घासता घासताच बोलले. "सासूबाई, मला त्यांच्याकडे जायचंय."

पलीकडची खरखर थांबली. माझा हात आपोआप थांबला. मग पलीकडून आवाज आला, "थांबलीस का गं?" आणि पुन्हा घासणं सुरू झालं.

"जा," त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणायचं ते म्हणोत."

"तुम्हीही चला."

"मी कशी येऊ? दाराला शेवटचा हात राहिलाय. अर्धवट दार टाकून घर सोडतात का कुणी?"

फळी हलते म्हणणाऱ्या लेकाचीच आई ती.

मी गेले. घाटापलीकडे आमच्या दोन खोल्यांत कुणाची चोरी नव्हती. यांच्याशी सकाळपासून मोठ्यानं बोलायची, भांडायचीसुद्धा. सुखात होते, खोटं कशाला बोलू. पण कधी बोलता बोलता मध्येच शांत झाले की कोपऱ्याकडे लक्ष जायचं. तिथं कुणी नसायचं. दर दिवाळीला सासूबाईंना न्यायला माणूस पाठवायचो आणि दर वेळी निरोप यायचा, दार राहिलंय.

मग सांगावा आला. आम्ही कल्याणला पोचलो तोवर सगळं आटपलं होतं. दिवसपाणी झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी मागच्या दारी ती कातकरीण उभी, हातात पाल्याची जुडी. तिला काहीच माहीत नव्हतं. "म्हातारे बायनं सांगून ठेवलाय, पाला आनत जा," ती म्हणाली.

तेव्हा आम्ही माजघराचं दार ओढून लावलं. इतके दिवस ते भिंतीला टेकून उघडंच होतं. आतली बाजू मी सोडून गेले तशीच, हिरवी. बाहेरच्या बाजूला, बसलेल्या बाईचा हात पोचेल तेवढ्या भागात हिरवा रंग नव्हता. खालचं पांढरं अस्तरही नव्हतं. सागाचं उघडं लाकूड होतं, आणि गालासारखं मऊ झालं होतं.

यांनी कोनाड्यातून रंगाचा जुना डबा काढला, झाकण उघडायला लागले. मी म्हटलं, "नको." यांनी डबा खाली ठेवला आणि त्या उघड्या लाकडावर हात टेकून ओटीवर बसून राहिले.

मी आत आले. जुडीतलं एक पान घेतलं आणि माझ्या बाजूनं घासायला लागले. सासूबाईंना सगळं सांगितलं, घाटापलीकडचं घर, मोठ्यानं केलेली भांडणं, आमटीतलं मीठ अजून कमीच पडतं तेही. हात भरून आला तरी घासत राहिले. मग मुद्दाम थांबले.

कोपऱ्यातून कुणी काही विचारलं नाही.