माकड, केळं आणि आबांचं एकमत

माकडाला केळ्यानं मारलं, की केळं हातात असलेल्या माकडाला मारलं, यावर माझी नोकरी अडकली होती.

हसू नका. माझे बाबा फैजपूरकडच्या बागांतून केळीचे घड डोक्यावर वाहून ट्रकमध्ये भरायचे. माय दुसऱ्यांच्या शेतात कपाशी वेचायची. घरात अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून बारावीचं इंग्रजी मी शेजारच्या गोठ्यात म्हशीला ऐकवून पाठ केलं. त्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. धुळ्याला देवपुरात एका छोट्या कंपनीत लागले, पण प्रोबेशनवर.

आमचं काम कम्प्युटरला इंग्रजीचं व्याकरण शिकवायचं. आपण नियम लिहून द्यायचे. मग वाक्य टाकलं की कोणता शब्द कोणाशी जोडलाय, हे तो दाखवतो. अडचण अशी की तो फार प्रामाणिक आहे. जेवढे अर्थ निघतील तेवढे सगळे काढून समोर ठेवतो. "द फार्मर हिट द मंकी विथ द बनाना." आता केळं शेतकऱ्याच्या हातात की माकडाच्या? कम्प्युटर म्हणतो, दोन्ही बरोबर. त्यानं माकड बघितलेलं नाही, केळंही नाही.

म्हणून माणसांना विचारायचं. प्रत्येक वाक्याला दोन चित्रं. वाक्य ऐकून ज्याला जे चित्र आधी सुचेल ते त्यानं बोटानं दाखवायचं. ज्याला जास्त मतं, तो अर्थ कम्प्युटरनं पहिला धरायचा. क्लायंटची अट एकच होती: प्रत्येकानं आपापलं सांगायचं.

"माणसं कुठून आणणार, मॅडम?" आमचे चौधरी सर म्हणाले. "हे जमलं तर तुमचं परमनंटचं बघू. नाहीतर अवघड आहे."

मी म्हटलं, "सर, रविवारी आमच्याकडे भरीत पार्टी आहे."

थंडीत आमच्या भागात दर रविवारी कुणाच्या तरी शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजतात. झाडून सगळे येतात. फार्मर, मंकी, बनाना एवढं इंग्रजी तिथे सगळ्यांना येतं.

शेतात गेले. चित्रांचा मोबाईल आधी आबांपुढे धरला. आबा म्हणजे बाबांचे थोरले काका. त्यांनी घास घेतल्याशिवाय आमच्याकडे पंगत सुरू होत नाही, मग वाक्य कसं होणार? आबांनी दोन्ही चित्रं पाहिली आणि अख्ख्या शेताला ऐकू जाईल असा निकाल दिला.

"केयं माकडाच्याच हाती! आपल्या बागेत दुसऱ्याच्या हाती लागते का कधी?"

झालं. पुढचा प्रत्येक जण चित्र बघायच्या आधी विचारायचा, "आबा काय म्हने?"

"काका, तुमचं सांगा ना."

"आबाच्यापुढे माहं कायचं मत, पोरी? टाक तेच."

दुसरं वाक्य होतं, बाईनं गच्चीवर नवरी पाहिली. गच्चीवर बाई की नवरी? आबा म्हणाले, नवरी हळदीच्या अंगानं गच्चीवर चढत नसते. सगळ्या शेतानं नवरीला खाली उतरवलं.

सोमवारी सरांनी निकाल पाहिला. ते धुळ्याचे. चिडले की अहिराणीत बोलतात.

"हाई काय शे? बठ्ठासनं एकच उत्तर? सगळ्यांचं एकच? क्लायंट म्हणेल, एकाच माणसानं बसून भरलंय!"

"सर, तसं बघितलं तर एकाच माणसानं भरलंय."

सर हसले नाहीत. पुढच्या सोमवारपर्यंतची मुदत मिळाली, तीही शेवटची.

आबांना वगळलं असतं तर गाव उठून गेलं असतं. शेवटी विचारलं असतं तर सगळे त्यांच्यासाठी थांबले असते. आठवडाभर डोकं खाजवलं. मग आठवलं, गावात भांडण झालं की आबा पंच असतात. आणि पंच सगळ्यांचं ऐकून घेईपर्यंत तोंड उघडत नाही.

रविवारी दुसऱ्या शेतात गेले, नवी माणसं, चित्रं तीच. "आबा, तुम्ही पंच. वाक्य मी वाचते, मोबाईल तुमच्याकडे. मत द्यायचं नाही, घ्यायचं."

आबांनी टोपी सरळ केली. खाट कडुनिंबाखाली ओढली. एकेकाला बोलावू लागले. कुणी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून अंदाज घेऊ लागला की ओरडायचे, "माह्याकडे काय पाहतं? चित्र पाह्य!" एक काका म्हणाले, "पन आबा, तुमी काय..." आबा गरजले, "तुले डोकं नाही का रे?" हे तेच आबा!

मग मतं फुटली. पोरींनी एक चित्र धरलं, बागवाल्यांनी दुसरं. शेवटी अक्का आल्या, आबांच्या घरच्या. पुरीचं पीठ हाताला तसंच. माकडाचं वाक्य ऐकलं आणि त्यांनी बेधडक शेतकऱ्याच्या हातातल्या केळ्यावर बोट ठेवलं. पीठ स्क्रीनला लागलं.

आबांना राहवलं नाही. "अवं, केयानं माकडाले कोन मारीन?"

"तुमीच नं!" अक्का म्हणाल्या. "मागच्या हंगामात दगड नाही सापडला, तं अख्खी फणी फेकली. माकडानं झेलली अन् तुमच्याच पुढे बसून खाल्ली!"

सगळं शेत हसलं. आबा मोबाईल उलटा करून म्हणाले, "पंचाले बोलता येत नाही."

सोमवारी सरांनी मतं पाहिली आणि क्लायंटकडे पाठवली. ती मंजूर झाली. धडा एवढाच: कम्प्युटरला अर्थ जास्त होतात आणि आमच्या गावाला एकच पुरतो. दोघांनाही पंच लागतो.

त्याच महिन्यात मी परमनंट झाले. आमच्या घरातली पहिली.