पुढच्या चाकांवरचं वजन

माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी मालवाहू चारचाकी गाडी होती आणि बहीण आठवडी बाजाराला पायी जायची. धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या तिच्या गावात ह्याची थट्टा चालायची. "घरी गाडी अन् बाई पायदळ," बाया म्हणायच्या. ती हसून डोक्यावरची टोपली सारखी करायची. तिला त्या गाडीत बसणं का सोसत नाही, हे फक्त मला ठाऊक होतं. सहा वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही.

मी कोरपन्याला गाड्यांच्या पाट्यांचं काम करतो. चाकांवर गाडीचा भार आणि हादरे झेलणारे, सिमेंटच्या ट्रकांचे तुटलेले कमानपाटे बदलणं हा रोजचा धंदा. भाऊजींची गाडी मुळात डांबरी रस्त्याची, पुढची दोन चाकं वेगवेगळ्या दांड्यांवर झुलणारी. नाल्यातले दगड लागून त्या दांड्या दर पावसाळ्यात मोडायच्या. शेवटी भाऊजी वैतागले. म्हणाले, "बाबू, समोर जीपसारखा सलग एक्सल टाकून दे न. कटकट मिटव एकदाची." भंगारात एका जुन्या जीपचा एक्सल सापडला. तो बसवणं फार अवघड नाही. त्याच्यावर कोणते पाटे घालायचे हे ठरवणं अवघड.

त्याची एक रीत आहे, आणि ती मीच गिऱ्हाइकांना सांगत असतो. गाडीची फक्त पुढची चाकं वजनकाट्यावर चढवायची. येईल त्या आकड्यातून चाकांचं अन् एक्सलचं वजन काढून टाकायचं, कारण ते पाट्यांवर येतच नाही. उरलेलं दोन पाट्यांत वाटायचं आणि तेवढं पेलून वर थोडं लवेल असा पाटा निवडायचा. मागे कितीही पोती भरा, त्यांचं ओझं बहुतेक मागच्या चाकांवर जातं. पुढे असतं इंजिन आणि माणसं.

त्या दिवशी काट्यापाशी कापसाच्या गाड्यांची लांब रांग होती. मी रांग पाहिली आणि परत फिरलो. इतकी वर्षं ह्याच कामात गेली, नजरेनं वजन कळतं, असं मनाशी म्हटलं. दुकानात एकावर एक सात पोलादी पानांच्या पाट्यांचा जाड संच पडून होता. डोळ्यांसमोर तेंदूपत्त्याचा हंगाम आणला, ठासून भरलेली गाडी, नाला, आणि तोच संच चढवला. मजबूत काम. वर्षातले पंधरा दिवस गाडी तशी भरते. बाकी वर्षभर ती निम्मी रिकामी धावते, हे मला काही नवीन नव्हतं.

भाऊजींनी विचारलं, "काट्यावर घातली होती न?"

"घातली ना," मी म्हणालो.

धानाची पोती भरून मी गाडी फिरवून पाहिली, तीही स्टिअरिंग धरून. चालवणाऱ्याला धरायला काहीतरी असतं. त्या गाडीची शेजारची सीट बरोबर पुढच्या चाकावर येते. बहीण तिथं बसून एकदा धानोऱ्याला जाऊन आली की दोन दिवस तिला वाकता यायचं नाही. वाकून धान लावायच्या, रोवणीच्या दिवसांत तर तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. भाऊजी काही वाईट माणूस नाहीत. पण ते म्हणायचे, "बाबूनं काट्यावर तोलून बसवली आहे गाडी. तुह्यी कंबरच नाजूक, तं गाडी काय करन?" हळूहळू तिलाही ते पटलं. डॉक्टरकडून पट्टा आणून तिनं तो कमरेला बांधला.

एकदा तिनं मलाच विचारलं, "बाबू, गाडी जराशी कडक आहे का रे?"

"होईल सवय, बाई," मी म्हणालो.

पाटे गुपचूप बदलता आले असते. पण मग ते का बदलले, हे सांगावं लागलं असतं. दर वेळी मी तिथंच अडायचो.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे अंथरुणावर होती. बहीण तीन एस्ट्या बदलून यायची, साहजिकच क्वचित यायची. आई दाराकडे पाहत म्हणायची, "गाडीवाली झाली ते. मायले पाह्याले टाइम नाई तिले." हे ती माझ्या देखत म्हणायची. मी तिच्या उशाशी बसलेला असायचो, कधी हातात पाण्याचा गडवा असायचा. एका वाक्यात सांगता आलं असतं. मागच्या वर्षी आई गेली, ती तेच मनात घेऊन गेली.

ह्या उन्हाळ्यात भाऊजी पाट्यांच्या टोकांचे झिजलेले बुश बदलायला गाडी घेऊन आले आणि इथल्या नातेवाइकांकडे उतरले. मी पाटे खोलले. पाटा काम करत असला की त्याची पानं एकमेकांवर घासून चकाकतात. ह्या पानांच्या मध्ये मी सहा वर्षांपूर्वी पिवळ्या रंगानं आकडे घातले होते. ते जसेच्या तसे होते. पाटे लवलेच नव्हते. प्रत्येक दगड, प्रत्येक खड्डा सरळ वरच्या सीटपर्यंत पोचला होता.

गाडी कशीबशी जोडली आणि काट्यावर नेली. सात पानांचा तो संच जेवढ्या वजनासाठी होता, त्याच्या निम्म्याहून कमी वजन पुढच्या चाकांवर भरलं. लांब, पातळ पानांचा नवा संच बसवला. दुसऱ्या दिवशी भाऊजींबरोबर तिच्या गावी गेलो.

ती अंगणात चारोळ्या निवडत होती. मी उभ्यानंच बोललो. "बाई, गाडी तव्हा काट्यावर घातलीच नव्हती मी. खोटं सांगतलं."

भाऊजी माझ्याकडे पाहतच राहिले. "काऊन बा?"

"रांग होती."

"रांग!" भाऊजी म्हणाले आणि खाली बसले.

बहिणीचे हात थांबले. "म्हंजे माही कंबर खरं सांगून राह्यली होती," ती म्हणाली. मग म्हणाली, "मायले तरी सांगतलं असतं, बाबू."

  मी खिशातली काट्याची चिठ्ठी तिच्यापुढे धरली. "आता मोजली. नवे पाटे बसवले."

तिनं पदराला हात पुसले आणि चिठ्ठी उलटसुलट करून वाचली. "ह्याच्यात मी कुठी आहो?"

"गाडी रिकामीच मोजतात, बाई."

"मंग माह्यासकट मोज."

ती उठली, चप्पल घातली आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली. भाऊजी मागे चढले. मी गाडी चालवायला बसलो. धानोऱ्याच्या रस्त्यावर एका राईस मिलचा काटा आहे, तिकडे निघालो; ती माझ्या शेजारच्या सीटवर. नाल्यात गाडी उतरली तेव्हा तिनं समोरची दांडी घट्ट धरली. पलीकडे चढल्यावर सोडली आणि हात मांडीवर ठेवले. पुन्हा धरली नाही.

पुढची चाकं काट्यावर घेऊन मी खाली उतरलो. भाऊजीही उतरले. काटेवाल्यानं खिडकीतून हाक मारली, "ओ भाऊ, त्या बाईले उतरवा न! माणूस बसवून वजन होते का कधी?"

बहिणीनं काच खाली केली. "मी नाई उतरत. मलेच मोजाले आणलं आहे."

काटेवाला माझ्याकडे पाहू लागला.

"बाई म्हणते तसंच करा," मी म्हणालो.